रडकी शाळा

वळणावर पोचलं की मी छत्री मागं करून कान देत असे. कामशेत स्टेशनावरून पवनेकडे जाणारा रस्ता तिथं ओढ्याच्या अंगानं वळतो आणि पलीकडे खाचरांच्या कडेला आमची वखार दिसते. दिसण्याआधी ती ऐकू यायची. कुणी ना कुणी मूल आत रडत असायचंच. म्हणून गावानं आमच्या बालमंदिराला ‘रडकी साळा’ असं नाव देऊन टाकलं होतं. वाटेत रोज कुणीतरी विचारी, “कुटं निगाल्या बाई?” मी म्हणे, “शाळेत.” “रडक्या व्हय?” मग मी मान हलवून पुढे सटके.

आत कोण रडतंय हे नुसत्या आवाजावरून मला ओळखू येऊ लागलं तोवर आषाढ लागला होता. त्या आषाढात मला एकाच मुलीच्या रडण्याची काळजी होती. आधी ते थांबावं म्हणून, आणि नंतर थांबू नये म्हणून.

मी तिथं गेले ती काही सेवाभावानं नव्हे. वडील रेल्वेत, आमचं राहणं लोणावळ्याला रेल्वेच्या बंगलीत. माझं शिक्षण पुण्याला कॅम्पातल्या कॉन्व्हेंटात, तिथंच राहून झालं. शेवटची परीक्षा देऊन घरी आले तेव्हा मला फ्रेंच क्रियापदं पाठ होती आणि शेजारच्या बायका आल्या की त्यांच्याशी काय बोलायचं ते सुचत नव्हतं. मराठी वाचता येई, पण बोट ठेवून. घरात स्थळांची बोलणी चाललेली. मी खिडकीशी जाई, रूळ बघे, आत येई, पुन्हा खिडकीशी जाई. लढाईचे दिवस होते. खिडक्या बंद केलेल्या लष्करी गाड्या घाटातून वर येत आणि न थांबता पुढे जात. त्या गेल्यावर जी शांतता होई ती मला सोसत नसे.

“पिंजऱ्यातल्यासारखी फिरतेस नुसती,” आई एकदा म्हणाली, “त्यापेक्षा बाईंच्या शाळेत तरी जा.”

बाई म्हणजे बालमंदिर चालवणाऱ्या. आईच्या माहेरच्या ओळखीतल्या. गुजरातेत जाऊन लहान मुलांचं शिक्षण कसं करावं ते शिकून आलेल्या. बोलणं थोडं, चालणं भरभर, पातळ नेहमी खादीचं आणि पावसाळ्यात नेहमी गुडघ्यापर्यंत ओलं. भाताच्या एका व्यापाऱ्यानं त्यांना ही रिकामी वखार वापरायला दिली होती. भिंतींना चुना दिला तरी कोंड्याचा वास गेला नव्हता. दाराला उंच, रुंद, सागवानी उंबरठा होता. पूर्वी पाणी आणि उंदीर आत येऊ नयेत म्हणून केलेला. लहान मुलं तो पोटावर आडवी होऊन ओलांडत. पलीकडे पाय टेकले की मागं वळून, आपण केवढं काम केलं, असं बघत.

माझ्या शाळेत मी छड्या पाहिल्या होत्या, त्यामुळे बाईंची रीत मला पहिल्यांदा खोटी वाटली. मुलाशी बोलायचं तर आधी खाली बसायचं. त्याचं नाक पुसायचं तर आधी विचारायचं, “पुसू का?” रागवायचं नाही, खाऊचं आमिष दाखवायचं नाही, ‘बागुलबुवा येईल’ म्हणायचं नाही. प्रत्येकाची चटई वेगळी, ती त्यानंच घालायची आणि त्यानंच गुंडाळायची. वस्तू सगळ्या इथल्याच. चिंचोके, गव्हले, कामशेतच्या सुतारानं कापून दिलेले ठोकळे, पाणी ओतायला पितळी पेले, आणि सुताराच्याच काचकागदातून कापून पुठ्ठ्यावर डकवलेली अक्षरं. मूल त्या खरखरीत अक्षरावरून बोट फिरवी, पुन्हा फिरवी, आणि बाई त्या अक्षराचा आवाज काढत. घाई कसली नाहीच. पंधरवडाभर रोज बघितल्यावर मला कळलं की यात खोटं काही नाही. इथं मुलाची चेष्टा करणारं कुणी नव्हतं. मी स्वतः लहान असताना मला अशी जागा मिळाली असती, तर आज कुणी बोलायला आलं की माझ्या हाताला घाम सुटला नसता, असं मनात येई आणि मी उठून उगीच पेले पुसायला घेई.

बाईंचा एक नियम मात्र कडक होता. अडीच ते पाच वर्षांचीच मुलं आत यायची. मोठी भावंडं नाहीत. “मोठी बहीण शेजारी असली की धाकटं हातानं काही करत नाही,” त्या सांगत. “नाक तीच पुसते, चटई तीच घालते, रडायच्या आधी उचलून घेते.” त्यात खोटं नव्हतं. तरी नव्या मुलापुरती एक सूट होती. ते रुळेपर्यंत घरचं माणूस उंबरठ्यावर बसलं तर चालेल. आत नाही, उंबरठ्यावर.

त्या उंबरठ्यावर एक आठेक वर्षांची मुलगी बसायची. नक्की वय तिच्या घरीही कुणाला ठाऊक नव्हतं. तिची बहीण तीन वर्षांची. मी मनात दोघींना थोरली आणि धाकटी म्हणे, इथंही तसंच म्हणते. थोरली दिवसभर धाकटीला कडेवर घेऊन हिंडलेली. कडेवर कुणी नसतानाही ती एका अंगानं कलून उभी राहायची, जणू तिथं वजन आहेच. धाकटी जाडजूड, गप्प, मोठ्या डोळ्यांची. दोन वीत अंतरावर जाऊन बसायची, चिंचोके हातात घ्यायची, आणि मग एकाएकी मागं बघून असा गळा काढायची की इतर मुलं कानांवर हात ठेवत.

बाकी सगळी मुलं आठ-पंधरा दिवसांत रमली होती. ही एकच राहिली. बाईंनी ती माझ्याकडे सोपवली.

“तुझ्याकडे आवाज कमी आहे,” त्या म्हणाल्या, “तिला बरं वाटेल.”

म्हणजे मी धाकटीपाशी बसायची आणि थोरली उंबरठ्यावर. तिघींच्या मध्ये चिंचोक्यांची टोपली. दोन-तीन दिवस मी काहीच बोलले नाही. शेवटी थोरलीलाच राहवेना.

“नव्या बाई, तुमी बोलत का न्हाई?”

“बोलते की.”

“कवा? आमी गेल्यावर?” मग जरा विचार करून, “का विंग्रजीत गप बसता?”

आतली चार मुलं हसली. मीही हसले. त्या गावात कुणाच्या बोलण्यावर मी पहिल्यांदा हसले ती तेव्हा.

ती उंबरठ्यावर बसून काय करते हे माझ्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही. बाई आत एखाद्या मुलाला अक्षराचा पुठ्ठा दाखवू लागल्या की ही मान न वळवता नुसते डोळे तिकडे फिरवी. मग पागोळीखाली बोट धरी आणि त्या ओल्या बोटानं सागवानी लाकडावर ते अक्षर काढी. आषाढातल्या हवेत लाकूड लवकर सुकत नाही. अक्षर बराच वेळ तसंच राही. बाई दाराकडे आल्या की ती पायानं ते पुसून टाकी. वखारीच्या खिडकीला पावसाची झड येऊ नये म्हणून तांदळाच्या जुन्या पोत्याचा पडदा ठोकला होता. त्यावर काळ्या शाईत मोठाले छाप होते. एक दिवस मी बघते तर ती तोंडातल्या तोंडात तो छाप लावत होती. का. म. शे. त. पुन्हा एकदा. मग माझ्याकडे वळून रागानंच म्हणाली,

“कामशेत?”

“हो. कामशेतच लिहिलंय.”

“येवढी मोठी अक्षरं, आन् नुसतं कामशेत?”

तिला काय हवं होतं कुणास ठाऊक. पण दुसऱ्या दिवसापासून ती आमच्याकडच्या सगळ्या डब्यांची झाकणं, आगपेट्या, माझ्या छत्रीच्या दांड्यावरचा छाप, सगळं वाचायला मागू लागली. छत्रीवरचा छाप इंग्रजी होता. तो मी वाचून दाखवला तर म्हणाली, “ते ऱ्हाऊ द्या. ते तुमचं.”

आणखी एक गोष्ट मी पाहिली होती, पण तिचा अर्थ लावला नव्हता. धाकटी खेळात जरा गुंतली आणि बाई कौतुकानं तिकडे बघू लागल्या, की थोरली उठून उभी राही. काही बोलत नसे, जात नसे. नुसती उभी राही आणि परकर झाडी. तेवढ्यानं धाकटी मागं बघे आणि गळा काढी.

आमच्याकडे दुपारी मुलं न्यायला बाया येत. लावणीचे दिवस. अंगावर इरली, पोटऱ्यांपर्यंत चिखल, बोटं पाण्यानं पांढरी पडलेली. तिकडे लावणी सावडीनं चाले. आज सगळ्या मिळून एकीच्या खाचरात, उद्या दुसरीच्या. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही, हात द्यायचे आणि हात घ्यायचे. ज्या घराची बाई सावडीला येत नाही, तिच्या खाचरात कुणी उतरत नाही. या बहिणींची आई त्या दिवशी कावलेली होती.

“शेजारीण आज बी आली न्हाई. पोरगं लय रडतंय म्हनं, म्हातारीजवळ ऱ्हात न्हाई. ती न्हाई आली तर आमी बी तिच्याकडं जायचं न्हाई, आन् मग तिचं बी ऱ्हायलं, आमचं बी ऱ्हायलं. रोपं चाललीत वाढून.” मग धाकटीकडे बघून, “ही आज तरी गप बसली का?”

“थोडा वेळ,” मी म्हटलं.

“बसवा बाई लवकर. हिच्या मावशीचा खंडाळ्याहून सारका निरोप येतोय. बंगल्यावर असती ती. मालकिणीचं बाळ सांबाळाया पोरगी पायजे. ही हितं रमली की थोरलीला धाडून देतो.”

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. बाईंचं सगळं म्हणणंच असं होतं की धाकटी भावंडं इथं आली म्हणजे मोठ्या मुली मोकळ्या होतील आणि पलीकडच्या गावच्या शाळेत जातील.

“शाळेत नाही घालणार?” मी विचारलं. माझा आवाज मलाच जेमतेम ऐकू आला.

“साळंत?” ती हसली. “साळंत घालाया ती रिकामी कुटं हाय? आन् रिकामी झाल्यावर घरात बसवून काय करू? तितं दोन टायमाला जेवाय मिळंल, अंगाला कापड मिळंल. पोर सांबाळाया तिला येतंयच की.”

हे ती कठोरपणे बोलली नाही. बोलता बोलता तिनं थोरलीच्या गालावरचा केस मनगटानं मागं सारला, कारण पंजा चिखलानं भरला होता. थोरली तिच्याकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, आणि मला कळलं की तिला हे सगळं केव्हाचं माहीत आहे. ती का उभी राहते तेही कळलं. धाकटी रडते तोवर उंबरठा आहे. धाकटी रमली की खंडाळा.

आणि धाकटीला रमवायचं काम माझं होतं.

परतीच्या गाडीला मळवलीला फार वेळ लागला. लष्करी गाडीला वाट द्यायची होती. डब्यात मी बसले, उठले, दाराशी गेले. समोरच्या बाकावरची म्हातारी म्हणाली, “बस की पोरी, तू हुबी ऱ्हायलीस म्हून गाडी सुटायची न्हाई.” मी बसले. पायाची बोटं बुटात आवळून धरली होती.

घरी ताई बाळंतपणाला आली होती. तिच्या बाळाला खेळवायला आईनं पवनेच्या बाजूची एक मुलगी ठेवली होती. महिनाभर ती आमच्या घरात होती, मी तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. त्या संध्याकाळी पाहिलं, तीही एका अंगानं कललेली. तिला पोटभर जेवण होतं, आई तिला ताईचे जुने कपडे लहान करून देत होती, कुणी मारत नव्हतं. मी तिला विचारलं, “तुला घरी जावंसं वाटतं का गं?”

“बाळ निजलं की इचारा,” ती म्हणाली आणि थोपटत राहिली. बाळ निजलं तेव्हा ती भिंतीला टेकून स्वतःच निजली होती.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना सांगायचं ठरवलं. सकाळी गाडीत वाक्यं जुळवली. तिथं पोचल्यावर त्यातलं एकही आठवेना. मुलांचे धुतलेले रुमाल शेगडीवर वाळवत बाई बसल्या होत्या. मी जवळ जाऊन उभी राहिले.

“काय गं?”

“त्या थोरलीला खंडाळ्याला पाठवणार आहेत. धाकटी रुळली की.”

“माहीत आहे. तिच्या आईनं मलाही सांगितलंय.”

“मग?”

बाईंनी रुमाल उलटा केला. “तिच्या वडिलांशी बोलले मी. शाळेत घाला म्हटलं. त्यांनी मान डोलावली. नुसती मान डोलावणं म्हणजे काय ते मला आता कळतं.” मग म्हणाल्या, “पण तुला काय म्हणायचंय? या तीन वर्षांच्या पोरीला रडत ठेवायचं? मोठी शिकावी म्हणून? हिचं काय चुकलं?”

थोरली मुद्दाम उठून उभी राहते, हे मी बोललेच नाही. ते माझ्यापाशीच राहिलं. बाई रुमाल पिळू लागल्या. तो वाळलेला होता, तरी त्या पिळत राहिल्या.

त्यानंतरचे दिवस विचित्र गेले. धाकटीपाशी मी बसे, पण तिला आवडेल अशी वस्तू पुढे करायला हात धजत नसे. तिला पाण्याचं वेड आहे हे मी ओळखलं होतं. पागोळीखाली हात धरला की तिचा सगळा चेहरा बदलायचा. पेले काढून दिले असते तर ती एका सकाळीत रमली असती. मी चिंचोकेच पुढे करत राहिले, आणि ती रडली की मला सुटल्यासारखं व्हायचं. मग तिच्या गालांवरचे ओघळ पुसताना स्वतःचीच चीड यायची. थोरली हे बघत होती. आमच्यात त्याबद्दल एक शब्दही झाला नाही. फक्त आता ती अक्षर काढताना माझ्यापासून लपवत नसे. चुकलं की माझ्याकडे बघे, आणि मी तिला डोळ्यांनी सांगे की पुन्हा काढ. जोडाक्षरांपर्यंत ती पोचली होती.

पेले शेवटी धाकटीनं स्वतःच शोधले. मी दुसऱ्या एका मुलाची चटई गुंडाळायला मदत करत होते. वळून बघते तर ती फळीपाशी उभी. दोन्ही पेले छातीशी धरून हळूहळू चालत बादलीपाशी गेली, खाली बसली आणि एका पेल्यातून दुसऱ्यात पाणी ओतू लागली. एक थेंब सांडला तर तिनं बोटानं तो टिपला. पुन्हा ओतलं. जीभ दातांत धरलेली.

थोरली उठून उभी राहिली. परकर झाडला. धाकटीनं बघितलं नाही.

थोरली उंबरठ्यावरून उतरून अंगणात गेली, पावसात. धाकटी पाणी ओतत होती. बाई खोलीच्या दुसऱ्या टोकाला होत्या, पण हातातलं काम थांबवून बघत होत्या.

मग थोरली नियम मोडून आत आली. धाकटीशेजारी उकिडवी बसली आणि परकराआडून तिनं तिच्या दंडाला चिमटा काढला. मला तो स्पष्ट दिसला. माझ्या दंडातून कळ गेली. धाकटीनं दचकून वर पाहिलं. ओठ वाकडे झाले. मी वाट बघत राहिले. पण ती रडली नाही. दंड चोळला, बहिणीकडे पाहिलं, काहीतरी ठरवल्यासारखं केलं, आणि भरलेला पेला दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

“पी.”

थोरलीनं पेला घेतला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

“रुळली गं!” बाई म्हणाल्या. एवढा आनंद मी त्यांच्या तोंडावर क्वचितच पाहिला. त्या जवळ आल्या, खाली बसल्या आणि थोरलीला मायेनं म्हणाल्या, “आता उद्यापासून हिला दारात सोड आणि खुशाल जा हं, बाळ.”

“कुटं?” थोरलीनं विचारलं.

कुठं, ते तिथल्या तिघींनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी धाकटीला तिच्या आईनं दारात सोडलं. तिनं उंबरठा पोटावर आडवी होऊन ओलांडला, मागं वळून पाहिलं, उंबरठ्यावर कुणी नव्हतं, क्षणभर थांबली आणि पेल्यांकडे गेली. तिची आई मला म्हणाली, “लय उपकार झालं बाई. बाजाराच्या दिशी मावशी येतीया न्यायला.” त्या दिवशी आणि पुढच्या दिवशी वखार शांत होती. कुणी रडत नव्हतं, सगळ्या चटया सरळ होत्या, बालमंदिर तपासायला कमिटीच्या बायका आल्या असत्या तर त्यांनी फार वाखाणणी केली असती. मी दाराकडे बघत राहिले. पेले मोजून ठेवले, पुन्हा काढले, पुन्हा ठेवले. बाई म्हणाल्या, “बस की गं जरा.” पण त्याही बसल्या नाहीत.

बाजाराच्या आदल्या दिवशी गाडी उशिरा आली. कामशेतपासून मी जवळजवळ पळतच निघाले. खाचरांतून बाया वाकलेल्या दिसत होत्या, इरलीच इरली. वळणावर पोचले. सवयीनं छत्री मागं केली.

कुणीतरी रडत होतं.

धाकटीच, असं मला वाटलं. पुन्हा सुरू झालं, असं वाटून आधी आनंद झाला आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली. पण चार पावलं पुढे गेल्यावर कळलं की हा आवाज माझ्या ओळखीचा नाही. हा जाड, चिरका, दम घेऊन पुन्हा उठणारा.

उंबरठ्यावर थोरली बसली होती. तिच्या मांडीवर लालबुंद तोंडाचा, नुसत्या अंगड्यातला एक मुलगा हातपाय झाडत होता. तिनं त्याला घट्ट धरलं होतं आणि माझ्याकडे बघितलं ते अगदी कामात असलेल्या बाईसारखं.

“हा कोण?” मी विचारलं.

“शेजारनीचा. ह्यो बी रडतो.”

मग तुटक तुटक तिनं सांगितलं. काल ती स्वतःच शेजारणीकडे गेली होती. म्हणाली, तुमच्या पोराला मी रडक्या साळंत नेते, तुमी सावडीला जा. शेजारीण आज थोरलीच्या आईच्या खाचरात उतरली होती. तिच्यामागं आणखी दोघी आल्या. आईला रोपांची काळजी होती, ती मिटली.

“आणि खंडाळा?”

“आई म्हनली, लावनी हुईस्तवर ऱ्हा. मावशीला सांगती म्हनली.”

“आणि लावणी झाल्यावर?”

“मग कापनी हाय.” तिनं मुलाचं नाक पुसलं. “तवर आनिक कुनीतरी रडंलच की.”

बाई आतून आल्या. दारात उभ्या राहून त्यांनी त्या मुलाकडे पाहिलं. त्याला अजून धड उभंही राहता येत नसावं. हिरड्यांतून दोन दात बाहेर आलेले.

“कोणाचा गं हा?”

“शेजारचा, बाई.”

“किती वर्षांचा?”

थोरलीनं त्याच्याकडे नीट बघितलं, जणू आत्ताच मोजून सांगायचं आहे.

“रडायपुरता हाय,” ती म्हणाली.

बाईंच्या ओठांचा कोपरा हलला. त्या आत गेल्या आणि एक चटई घेऊन आल्या. मला वाटलं त्या ती अंगणाच्या बाजूला, ओट्यावर घालतील. त्यांनी ती उंबरठ्याच्या आतल्या अंगाला पसरली आणि थोरलीला म्हणाल्या, “इकडे बस. तिथं झड येते.” थोरली उठली, मुलाला काखोटीला मारून उंबरठा ओलांडून आत आली आणि चटईवर बसली. पाठ अजून उंबरठ्याला टेकलेली.

मग बाई माझ्याकडे वळल्या. “याच्याकडे तू लक्ष दे. पण रुळवायची घाई करू नकोस. फार लहान आहे.”

त्यांनी हे इतक्या साध्या आवाजात सांगितलं की त्यांना उंबरठ्यावरचं सगळं आधीपासून दिसत होतं की काय, ते मला ठरवता आलं नाही. पुढेही कधी मी विचारलं नाही.

मुलगा रडतच होता. धाकटीला ते खपेना. ती बादलीपाशी गेली, पेला भरला, दोन्ही हातांत धरून न सांडता चालत आली आणि त्याच्यापुढे धरला.

“पी,” ती म्हणाली.

तो थांबला. पेल्याकडे बघू लागला. पितळेत त्याला काहीतरी हलताना दिसलं असावं. त्यानं एक बोट आत घातलं. वखारीत एकाएकी काहीच ऐकू येईना, फक्त पागोळ्या. बाई फळीपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या, त्यांचा हात फळीवरच थांबला होता.

“जा गं तिकडं,” थोरली धाकटीवर खेकसली, “तू रमलीस न्हवं? ह्याला ऱ्हाऊ दे.”

तेवढ्यात मुलानं पेल्याला फटका मारला. पेला खणखणत उंबरठ्यावर आपटला, सगळं पाणी लाकडावर सांडलं, आणि त्यानं छाती भरून पुन्हा गळा काढला.

थोरलीनं त्याला एका हातानं मांडीवर घेतलं, मागं वळली, आणि सांडलेल्या पाण्यात बोट बुडवून राहून गेलेलं पुढचं अक्षर काढायला घेतलं.